मूठ

दिवसभर मी एवढंच बोलते: मूठ आवळा.
मग नळीत रक्त उतरू लागलं की: सोडा आता.
मेयोत, चार नंबरच्या खिडकीमागे,
अकरा वर्षं.

आणि रविवारी, लकडगंजच्या आरामशीनमागे
पेका पुंगाटी मला विचारतो,
"काहून आवळता मॅडम? पळून चाल्लं का ते?"

ते म्हणजे धनुष्य. माझ्याहून चार बोटं उंच,
बांबूचं, दोरीसुद्धा बांबूचीच,
मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी.
रात्री तो इथल्या सागाची राखण करतो,
आणि मशीन बंद असते त्या एका सकाळी
मला उभं राहायला शिकवतो.
उभं राहण्यातच दोन महिने गेले.

धरायचं नसतं, हे कळायला आणखी एक.
अंगठ्याच्या बुडाशी मऊ गादी असते,
तिच्यावर बांबू येऊन टेकतो.
बोटं नुसती शेजारी,
मयतीला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी:
हजर, पण कशात हात न घालणारी.
उजव्या हाताची दोनच बोटं दोरीला.
"अंगठ्याचं काही काम नाही," तो म्हणतो,
आणि ओंडक्यांकडे बघत हसतो.
मीही हसते. ती गोष्ट आम्ही दोघंही शाळेत शिकलो,
वेगवेगळ्या बाकांवर.

समोर कळमन्याहून आणलेली मिरचीची पोती,
भुसा भरून, एकावर एक तीन.
बाण बसला की लाल धूळ उडते, अख्खी गल्ली शिंकते.
नाही बसला की पलीकडून चहावाला ओरडतो,
"आज लय शांती हाय जी!"

बाणांना पिसं घारीची,
भांडेवाडीच्या कचऱ्यावर गळलेली. जुरीनं वेचलेली.

जुरी त्याची मुलगी. तिच्यामुळेच ओळख.
शीर सापडेना, तीनदा सुई घातली मी,
ती रडली नाही,
बाप भिंतीकडे तोंड करून उभा.
नंतर त्याला सूक्ष्मदर्शक दाखवला:
गोल पेशींच्या गर्दीत त्या वाकलेल्या.
आम्ही त्यांना विळा म्हणतो.
तो एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिला.
"दोरी उतरवाची राहून गेली कोनाची तरी," म्हणाला,
"मंग वाकूनच रायते ते."

ओढायचं पाठीनं.
दोन फऱ्यांमध्ये सुपारी धरल्यासारखं.
दोरी ओठाच्या कोपऱ्याशी.
बाणाकडे बघायचंच नाही.
पोत्यावर व्यापाऱ्याचं नाव छापलंय,
त्यातल्या 'ळ'च्या एका डोळ्यात बघायचं, बस.
आणि इथे मी सोडते.
"सोडू नका. सुटू द्या."
मला फरक कळत नाही.
दोरी फटकन डाव्या हातावर, कोपराच्या आत,
नेमकी तिथे, जिथे मी लोकांना टोचते.

सोमवारी जुरी आली, नेहमीच्या तपासणीला.
बाही सरकवताना तिला माझा निळा वळ दिसला.
"तुमाले कोन टोचलं?"
मी हसले, आणि मूठ आवळ म्हणायचं राहूनच गेलं.
तिचा तळहात माझ्या तळहातावर, उघडा,
तसाच पडून होता,
आणि शीर आपसूक वर आली.
पहिल्याच वेळी.

पेकाला हे सांगितलं नाही.
पुढच्या रविवारी चार बाण सागात घुसवले,
ते उपटता उपटता त्यानं मालकाला दोन शिव्या घातल्या, मला एकही नाही.
पाचवा.
तो कधी गेला ते मला ठाऊक नाही.
पलीकडे कपबशी खणकली, चहावाला शिंकला.

आठ वाजता पेका बांबू गुडघ्याशी दाबतो,
दोरी खाचेतून काढतो.
एकही रविवार विसरत नाही.
बांबू हळूहळू सरळ होतो,
जवळजवळ.